धुराची पहिली खबर

वणव्याची पहिली खूण म्हणजे धूर. वाळलेल्या पाचोळ्यात पेटलेली आग सुरुवातीला जेमतेम वीतभर उंच असते आणि दाट झाडोऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला ती हाकेच्या अंतरावरूनही दिसत नाही. तिचा धूर मात्र थोड्याच वेळात शेंड्यांच्या वर येतो आणि उंचावर बसलेल्याला काही कोसांवरून दिसतो. जंगलात टेहळणी मनोरे उभे राहिले ते एवढ्या साध्या गोष्टीमुळे. आग लहान असताना चार-पाच माणसे हिरव्या फांद्यांनी झोडपून ती विझवू शकतात. तीच आग वाऱ्यावर चढली, उभ्या गवतातून बांबूच्या बेटांत शिरली, की पन्नास माणसांचेही तिच्यापुढे काही चालत नाही. मधला वेळ वाचवणे हे मनोऱ्यावरच्या माणसाचे काम.

त्यामुळे मनोऱ्याचा इतिहास लाकूड, दगड आणि लोखंडाच्या हिशेबात मावत नाही. धूर कोणी पाहिला, तो नेमका कुठे आहे हे कसे ठरवले, ती खबर खाली कशी पोचली आणि खबर मिळाल्यावर माणसे किती वेळात निघाली, अशा चार कड्यांची ही साखळी आहे. पाहण्याची कडी सर्वांत जुनी आणि सर्वांत पक्की. खबर पोचवण्याची कडी मात्र भारतीय जंगलांत शंभर वर्षे कच्चीच राहिली. मनोरे जिथे खरोखर कामी आले तिथे उंचीइतकेच श्रेय तारेला, टेलिफोनला आणि पुढे बिनतारी संचाला द्यावे लागते.

उंचावरून राखण करण्याची सवय दख्खनला नवी नाही. जुन्या बिदर शहराच्या मधोमध, चार रस्ते मिळतात तिथे, चौबारा नावाचा गोल दगडी मनोरा उभा आहे. त्याची उंची सुमारे ७१ फूट असून आतल्या वळत्या जिन्याने वर गेले की शहर आणि भोवतीचे पठार नजरेच्या टप्प्यात येते. विजापूरचा उपळी बुरूज १५८४ च्या सुमारास हैदर खानाने बांधला. त्याची उंची सुमारे ८० फूट, पायऱ्या बाहेरून गोल फिरत वर जाणाऱ्या आणि माथ्यावर तोफा. या दोन्ही वास्तूंचा रोख शत्रूवर होता. धूळ उडाली की घोडदळ आले, असा तो हिशेब. गावोगावच्या गढ्यांचे बुरूजही त्याच कामाचे. याहून साधी आणि फार अधिक पसरलेली सोय म्हणजे शेतातला माळा. जोंधळा हुरड्यावर आला की चार बल्ल्यांवर फळ्या टाकून राखणदार वर बसतो, हातात गोफण आणि पायाशी खड्यांचा ढीग. पाखरे हाकताना त्याची नजर शिवारभर फिरत असते. कडब्याच्या गंजीला आग लागली तर गावात पहिली आरोळी बहुधा त्याचीच असे.

आगीसाठीच म्हणून बांधलेले मनोरे आधी शहरांत आले. इस्तंबूलचा गलाता मनोरा १७१७ पासून शहरातल्या आगी पाहण्यासाठी वापरात आला आणि १८२८ मध्ये त्याच शहरात बेयाझीत मनोरा खास या कामासाठी उभारला गेला. कोणत्या भागात आग लागली आहे हे तिथून दिवसा टोपल्या टांगून आणि रात्री कंदील लावून कळवत. जपानमध्ये एडो शहरातल्या लाकडी वस्तीत असेच उंच सांगाडे होते आणि त्यांवर घंटा टांगलेली असे. म्हणजे शहरातला मनोरा पाहतही होता आणि बोलतही होता, कारण त्याच्या हाकेच्या टप्प्यात माणसे राहत होती. जंगलात ही सोय नव्हती. मनोऱ्यावरून ओरडले तर ऐकणार कोण, ही अडचण पुढची कित्येक वर्षे सुटली नाही.

भारतात जंगलाला आगीपासून राखण्याचा सरकारी प्रयत्न इंग्रजी अमलात, १८६० च्या दशकात सुरू झाला. १८६४ मध्ये डिट्रिच ब्रँडिस हे जर्मन वनशास्त्रज्ञ देशाचे पहिले वन महानिरीक्षक झाले. त्याच सुमारास मध्य प्रांतांत, सातपुड्याच्या कुशीतल्या बोरीच्या जंगलात, कर्नल पिअर्सन या वनसंरक्षकाने वणवा रोखून दाखवला. तोवर बहुतेक गोऱ्या अधिकाऱ्यांना हे अशक्य वाटत होते, कारण उन्हाळ्यात डोंगर पेटायचेच असे सगळे धरून चालले होते. बोरीत वापरलेली युक्ती आजही बदललेली नाही. जंगलाच्या कडेने आणि मधून रुंद पट्टे आखायचे, त्यांतले गवत आधीच कापून जाळून टाकायचे आणि हंगामभर त्या पट्ट्यांवर माणसे फिरती ठेवायची. महाराष्ट्राच्या वन विभागात या पट्ट्यांना जाळरेषा म्हणतात. वणवा पट्ट्यापर्यंत आला की पुढे खायला काही नसल्याने थांबतो, निदान थांबावा अशी अपेक्षा असते. बोरीचे जंगल १८६५ मध्ये राखीव झाले आणि आज ते सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

जाळरेषेवर फिरणाऱ्या पहारेकऱ्याला दोन्ही बाजूंना झाडांची भिंतच दिसत असे. टेकडीवरचा उघडा कातळ, एखादे उंच झाड, त्यावर बांधलेले मचाण, हीच त्याची पाहण्याची ठिकाणे झाली. भारतीय जंगलातल्या मनोऱ्याचा जन्म या मचाणातून झाला. शिकारीचे मचाण पाणवठ्याजवळ आणि लपलेले असते, तर वणव्याचे मचाण चहूकडे मोकळे असावे लागते, आणि त्यासाठी भोवतालच्या फांद्याही छाटाव्या लागतात.

या व्यवस्थेला एक कडू बाजू होती, आणि ती वगळून मनोऱ्याची गोष्ट सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १८६५, १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी गावांचे चराईचे आणि लाकूडफाट्याचे हक्क आवळत नेले. १९२७ च्या कायद्याच्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात आग लावणे गुन्हा ठरतो. कलम ७९ प्रमाणे जंगलातून गवत, लाकूड किंवा वनोपज घेण्याचा हक्क असलेल्यांनी वणव्याची माहिती देणे आणि तो विझवायला मदत करणे बंधनकारक आहे. ज्याची गुरे जंगलाबाहेर काढली त्याच्याकडूनच धुराची खबर मिळावी, अशी ही अपेक्षा होती. १९३० च्या जंगल सत्याग्रहात पुसद, बिळाशी, चिरनेर इथे हा राग उघड झाला. पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून कायदा मोडला, तर चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार होऊन माणसे मारली गेली. पुसदच्या सत्याग्रहींनी गवत कापले होते, जाळले नव्हते. पण गाव आणि वनखाते यांच्यात पडलेली दरी वणव्याच्या दिवसांत फार महागात पडत असे. धूर दिसूनही पाठ फिरवणारे गाव असेल, तर वर बसलेला एकटा पहारेकरी काय करणार?

शिवाय प्रत्येक आग विझवावी की नाही, याबद्दल खुद्द वनाधिकाऱ्यांतच एकमत नव्हते. ब्रह्मदेशातील सागवानाच्या जंगलांत काही वर्षे आग कडेकोट बंद ठेवल्यावर खाली बांबू आणि झुडपे इतकी माजली की सागाची रोपे वर येईनात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या अधिकाऱ्यांनी हे जाहीरपणे मांडले. पुढे उन्हाळा चढण्याआधी, जमिनीत ओल असताना, ठरवून हलकी आग घालण्याची पद्धत अनेक प्रांतांत मान्य झाली. दख्खनच्या शुष्क पानझडी जंगलाला आग पूर्ण अनोळखी नाही. तिची वेळ आणि जोर यांवर सगळे अवलंबून असते. फेब्रुवारीतली हलकी आग आणि एप्रिलच्या दुपारची, पश्चिमेच्या वाऱ्यावरची आग यांत रोपांच्या, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या आणि सापा-सशांच्या दृष्टीने जीवन-मरणाचा फरक आहे.

टेहळणी मनोऱ्याला आजचे रूप मिळाले ते अमेरिकेत. २० आणि २१ ऑगस्ट १९१० या दोन दिवसांत आयडाहो आणि माँटाना या राज्यांत वादळी वाऱ्याने अनेक वणवे एकत्र आले, सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले आणि ८० हून अधिक माणसे मेली. मेलेल्यांत बहुतेक आग विझवणारेच होते. या धक्क्यानंतर तिथल्या वन सेवेने डोंगरमाथ्यांवर मनोऱ्यांचे जाळे विणले. १९३० च्या दशकातील मंदीत बेकार तरुणांना सरकारी कामावर घेण्याची योजना निघाली तेव्हा ते जाळे आणखी दाट झाले. मनोऱ्यावर बायकाही बसल्या. कॅलिफोर्नियातल्या एडी गल्च ठाण्यावर १९१३ मध्ये हॅली डॅगेट यांची नेमणूक झाली आणि त्यांनी तिथे बरेच हंगाम काढले.

त्या मनोऱ्यांवरची सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे ऑसबोर्न यांचे दिशादर्शक यंत्र. ऑरेगनमधल्या वन सेवेचे कर्मचारी विल्यम ऑसबोर्न यांनी १९१० च्या दशकात ते तयार केले. खोलीच्या बरोबर मध्यभागी एक घट्ट बसवलेला चौथरा, त्यावर त्या भागाचा गोल नकाशा आणि नकाशाभोवती अंश कोरलेले, फिरणारे धातूचे कडे. कड्याच्या एका टोकाला बारीक भोक आणि समोरच्या टोकाला ताणून बांधलेला घोड्याच्या शेपटीचा केस. भोकातून पाहत कडे इतके फिरवायचे की धुराचा बुंधा केसाच्या रेषेत यावा, मग अंश वाचायचा. एका मनोऱ्यावरून नुसती दिशा कळते. दुसऱ्या मनोऱ्यानेही तोच धूर पाहून आपला अंश कळवला की नकाशावर दोन रेषा जिथे छेदतात तिथे आग. मनोरे जोडीने उपयोगी पडतात ते यामुळे. वीज कडाडू लागली की पहारेकरी चार पायांना काचेचे गट्टू बसवलेल्या बुटक्या स्टुलावर उभा राही, कारण माथ्यावरच्या एकट्या खोलीवर वीज पडण्याचा धोका नेहमीचाच. आणि या सगळ्याला अर्थ होता तो झाडाझाडाला अडकवत खालच्या ठाण्यापर्यंत नेलेल्या टेलिफोनच्या तारेमुळे.

पश्चिम ऑस्ट्रेलियात पेम्बर्टनच्या आसपास उंच डोंगर नाहीत, पण कॅरी जातीची प्रचंड उंच झाडे आहेत. तिथे झाडाचाच मनोरा केला. पेम्बर्टन गावाजवळच्या ग्लॉस्टर वृक्षाच्या खोडात खुंट्या ठोकून १९४७ मध्ये शेंड्यावर खोली बांधण्यात आली. विमाने आली तसे हे सारे हळूहळू मागे पडले. अमेरिकेत १९६० नंतर अनेक मनोरे बंद झाले; कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात मात्र उन्हाळाभर मनोऱ्यावर माणसे बसण्याची पद्धत चालू राहिली.

भारतातला मनोरा या थाटाचा कधीच नव्हता. लोखंडी कोनपट्ट्यांचा किंवा काँक्रीटचा सांगाडा, उभी शिडी, वर पत्र्याचे छप्पर असलेला मोकळा मजला, हे त्याचे नेहमीचे रूप. यंत्र म्हणजे फार तर दुर्बीण. अंश मोजण्याची जागा पहारेकऱ्याच्या माहितीने घेतली. तो बहुधा जवळच्या गावचा किंवा तांड्याचा असतो आणि नाल्याचे वळण, पडका बांध, एकटा मोह असल्या खुणांनी जागा सांगतो. ही माहिती नकाशावर नसते, पण निघालेल्या टोळीला ती अंशांपेक्षा लवकर समजते.

उंचीचा फायदा किती, हे साध्या गणिताने काढता येते. सपाट प्रदेशात १५ मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे १४ किलोमीटरवर असते, ३० मीटरवरून सुमारे २० किलोमीटरवर. उंची दुप्पट केली तरी टप्पा दीडपटही होत नाही. म्हणून मनोरा उंच करण्यापेक्षा जागा नीट निवडणे मोलाचे. टेकडीच्या आडच्या दऱ्या कितीही उंच मनोऱ्यावरून दिसत नाहीत आणि गुराखी, मध काढणारे यांची ये-जा बहुधा त्या दऱ्यांतूनच असते.

महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणा यांच्या सीमाभागात, करजगी गावाच्या परिसरात, हे गणित जमिनीवर पाहता येते. कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यात, गाणगापूरच्याच तालुक्यात, भीमेच्या खोऱ्यातला हा मुलूख काळ्या जमिनीचा आणि उघडा आहे. जोंधळा, तूर, नदीकाठी ऊस. दाट जंगल इथे नाही. बांधावर उभे राहिले तरी दूरचा धूर दिसतो आणि इथल्या आगी म्हणजे कडबा, तुराट्या, बांधावरचे गवत आणि उसाचे पाचट. जंगल लागते ते जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, चिंचोळी तालुक्यात. तिथले १३४.८८ चौरस किलोमीटरचे वन २०११ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाले. साग, चंदन आणि रक्तचंदनाची झाडे, चंद्रमपल्लीसारखे जलाशय, लांडगा, तरस, चौशिंगा, आणि आत-बाहेर लंबाणी तांडे. क्षेत्रफळ पाहिले तर १५ मीटरच्या एका मनोऱ्याचे वर्तुळ या अभयारण्याच्या चौपटीहून मोठे भरेल. प्रत्यक्षात टेकड्या आणि ओहोळ त्या वर्तुळाचे तुकडे करतात आणि एका मनोऱ्याने भागत नाही.

सीमाभागातल्या उन्हाळ्यात धूर ओळखणे ही स्वतंत्र विद्या आहे. मार्च उजाडला की हवा धुरकट होते, दुपारी दहा किलोमीटरवरची टेकडीही पुसट दिसते. त्यात वावटळी उठतात. लांबून वावटळ अगदी धुराच्या खांबासारखी दिसते, आणि नवखा माणूस तिला वणवा समजून सगळ्या ठाण्याला पळवतो. मुरलेला पहारेकरी बुंध्याकडे पाहतो: वावटळीचा पाय सरकत जातो, धुराचा पाय एका जागी रोवलेला असतो. पांढरा दाट धूर बहुधा ओलसर पाल्याचा. करडा आणि भराभर रुंद होणारा धूर कोरड्या गवताचा, आणि त्याला वेळ देऊन चालत नाही. त्याशिवाय रोजचे, ओळखीचे धूर असतात: गुऱ्हाळाची चिमणी, साखर कारखाना, वीटभट्टी, शेतातले पाचट. कोणता धूर कुठे आणि कोणत्या वेळी असायलाच हवा हे ज्याला पाठ आहे, त्यालाच नको असलेला धूर खटकतो. सकाळी हवा स्वच्छ असताना एक फेरी, वारा सुटल्यावर दुपारभर सतत नजर आणि अंधार पडल्यावर पुन्हा एकदा, कारण धुरात न दिसलेली आगीची रेघ रात्री लालसर उजळते.

हे सगळे पाहून झाल्यावर खाली उतरून पळत जाण्याखेरीज बराच काळ दुसरा मार्ग नव्हता. पहारेकरी गावात पोचायचा, दवंडी पिटली जायची किंवा हलगी वाजायची, माणसे जमायची आणि तोवर टेकडीची एक बाजू गेलेली असायची. पुढे बिनतारी संच आले. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातील मेळघाट आणि कर्नाटकातील बांदीपूर ही दोन्ही होती, आणि अशा संरक्षित जंगलांत संचांचे जाळे वाढत गेले. मनोऱ्यावरचा माणूस, संरक्षण कुटीतला वनरक्षक आणि वनपरिक्षेत्र कार्यालय एका आवाजावर जोडले गेले. मनोऱ्याच्या इतिहासात या बदलाएवढा मोठा बदल दुसरा नाही. त्यामानाने आग विझवण्याच्या साधनांत फार फरक पडला नाही. हिरव्या फांद्या, समोरून घातलेली उलट आग आणि अलीकडे पाचोळा उडवणारे ब्लोअर यंत्र, एवढेच.

आग हाताबाहेर गेली की मनोऱ्याचे काम संपते. फेब्रुवारी २०१९ मध्ये बांदीपूरला हजारो हेक्टर जंगल जळाले, तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांतून पाणी टाकावे लागले. वाळलेली घाणेरी तिथे आगीला खाद्य ठरली होती.

२००४ मध्ये आकाशातला पहारेकरी आला. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरच्या मोडिस संवेदकाने टिपलेल्या उष्ण जागा राज्यांना कळवू लागली, आणि नंतर व्हिअर्स संवेदकाची भर पडली. मोडिसचा एक ठिपका सुमारे एक किलोमीटरचा, व्हिअर्सचा ३७५ मीटरचा. आता इशारा थेट वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो. याच संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातील ३६ टक्क्यांहून अधिक वनाच्छादनाला वारंवार आग लागण्याचा धोका आहे. एवढ्या मोठ्या प्रदेशावर मनोरे बांधून नजर ठेवणे शक्य नाही, तिथे उपग्रहाला पर्याय नाही. पण उपग्रह ठराविक वेळीच डोक्यावरून जातो. दोन फेऱ्यांच्या मध्ये लागलेली, झाडोऱ्याखाली सरपटणारी लहान आग त्याला चुकते आणि शेतातले पेटलेले पाचट त्याला वणव्यासारखे दिसते. आग वीतभर असताना तिला पाहणारी नजर अजूनही मनोऱ्यावरच आहे. चिंचोळीसारख्या लहान, शेतांनी वेढलेल्या जंगलात या नजरेचे मोल अधिक.

सीमाभागाची आणखी एक अडचण आहे आणि ती १ नोव्हेंबर १९५६ ची आहे. त्या दिवशी हैदराबाद राज्य विभागले गेले. बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात आले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले. गुलबर्ग्याचे, म्हणजे २०१४ पासूनच्या कलबुर्गीचे, तांडूर आणि कोडंगल तालुकेही आंध्रात, आणि आज तेलंगणात आहेत. या दोन जिल्ह्यांचा उरलेला भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. चिंचोळीची हद्द त्यामुळे तेलंगणाला भिडते. एका राज्याच्या मनोऱ्यावरून दिसलेला धूर दुसऱ्या राज्याच्या हद्दीत असू शकतो, आणि दोन्ही वनखाती, त्यांच्या संचांच्या वाहिन्या आणि त्यांचे कायदे वेगळे. कर्नाटकात १९६३ चा कर्नाटक वन कायदा लागू आहे, अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ३० आग लावण्यास मनाई करते. हद्दीपलीकडच्या परिक्षेत्र अधिकाऱ्याचा मोबाइल क्रमांक पहारेकऱ्याजवळ असणे, ही इथे मनोऱ्याच्या शिडीइतकीच गरजेची गोष्ट आहे.

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात आणि त्याआधी जाळरेषा साफ होणे अपेक्षित असते. कर्नाटकातल्या पानझडी जंगलांतही पाचोळा पडला की कामे सुरू होतात. हंगामापुरते पहारेकरी नेमले जातात, शिडीचे गंजलेले दांडे बदलले जातात, छपराचे उडालेले पत्रे बसवले जातात, संचांच्या बॅटऱ्या तपासल्या जातात आणि कोणी कोणत्या मनोऱ्यावर किती वेळ बसायचे याची पाळी ठरते. धुराची खबर आली की वनरक्षक जागेवर जाऊन आग विझवतो, जळालेल्या क्षेत्राच्या कडेने चालून त्याचे माप घेतो आणि कारणासह नोंद करतो. उपग्रहाच्या इशाऱ्यालाही हीच पडताळणी लागते.